टग बोट की पाणबुडी, ताकद कुणाची जास्त? (पोराने अडकवलंय, मदत करा)

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त:

मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण हसू नका, घरात आठवडाभर यावरून कटकट चालू आहे. मागच्या रविवारी चिरंजीवांना (चौथीत आहे) घेऊन उरणला आत्याकडे गेलो. आता अटल सेतू झालाय, उरणपर्यंत लोकल पण झालीये, पण साहेबांना लाँचमध्येच बसायचं होतं, म्हणून ठाण्याहून निघून सँडहर्स्ट रोडला गाडी बदलून डॉकयार्ड रोड, तिथून चालत भाऊचा धक्का आणि मग मोऱ्याची लाँच. लाँच सुटून पाच-दहा मिनिटं झाली नसतील तर लांब एक काळीकुट्ट लांबट वस्तू दिसली, बरीचशी पाण्यातच, वर नारिंगी जॅकेट घातलेली सातआठ माणसं उभी, आणि पुढे एक टग दोर लावून ओढतोय, दुसरा बाजूला चिकटलेला. पाणबुडी! अख्खी लाँच एका बाजूला झाली, तांडेल ओरडला सगळ्यांवर.

पोरगा विचारतो, बाबा हिचं इंजिन बंद पडलंय का? मी म्हटलं नाही रे, असंच नेतात. मग म्हणतो, एवढी मोठी आहे तर स्वतः का नाही जात? मला काय डोंबल माहीत. घरी आल्यावर त्याच्या मामाने यात तेल ओतलं. मामाचं म्हणणं पाणबुडी म्हणजे पाणबुडी, टग तिच्यापुढे किस झाड की पत्ती. पोरगा म्हणतो जो ओढतो तो ताकदवान. दोघांची मामलेदार मिसळची पैज लागलीये आणि पंच मी. गुगल करून डोकं पिकलं, प्रत्येक ठिकाणी नुसते आकडे. कुणी साध्या भाषेत सांगेल का की इंजिन कुणाचं मोठं, आणि एवढी पाणबुडी बंदरात ओढायला का लागते? आणि त्याचा अजून एक प्रश्न आहे, पाणबुडी खाली बुडालेली असताना टग तिला ओढून वर काढू शकतो का.

वाशी_मेकॅनिकल:

पोरगा जिंकला. मामाला पाकीट काढायला सांगा.

थांबा, आकडे सांगतो. तुम्ही जी बघितलीत ती बहुतेक कलवरी क्लासची असणार, माझगाव डॉकमध्ये बनलेल्या सहा. पहिली कलवरी डिसेंबर २०१७ ला नौदलात आली, शेवटची वागशीर जानेवारी २०२५ ला. लांबी साडेसदुसष्ट मीटर, पाण्याखाली असताना वजन साधारण १७७५ टन. आता हिचा पंखा फिरवणारी जी इलेक्ट्रिक मोटर आहे ती तीन मेगावॅटच्या आतबाहेरची, म्हणजे चार हजार हॉर्सपॉवरच्या जवळपास धरा. आणि बंदरातला चांगला मोठा टग, तीस मीटर लांब, म्हणजे पाणबुडीच्या निम्म्याहून कमी, त्यात दोन डिझेल इंजिनं मिळून पाच हजार हॉर्सपॉवर सहज असते. लहान दिसतो पण पाण्याखालचा अर्धा टग म्हणजे इंजिनच आहे, बाकी खलाश्यांच्या खोल्या इंजिनाभोवती कशातरी कोंबलेल्या.

टगची ताकद मोजतात टनात, त्याला बोलार्ड पुल म्हणतात. टेस्ट एकदम गावठी आहे: धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधायचा, मधे काटा लावायचा आणि टगने जीव खाऊन ओढायचं, काट्यावर जो आकडा स्थिर राहील तो. ढोबळमानाने शंभर हॉर्सपॉवरला सव्वा टन पकडा, म्हणजे पाच हजारवाला साठ-पासष्ट टनाने ओढतो. गंमत ही की हे सगळं जागेवर उभं असताना. टग वेगात पळायला लागला की ओढायची ताकद झपाट्याने कमी होते, कारण त्याचे पंखे मुद्दाम तसेच बनवलेत, भोवती लोखंडी नळकांडं बसवलेले, कमी वेगात जास्त जोर देणारे.

मग पाणबुडी एवढ्या कमी पॉवरवर पाण्याखाली २० नॉट कशी पळते, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर? (घोडबंदर रोडपेक्षा बरंच जास्त, तुम्हाला कळेल.) तर पाण्यावर वेगाने पळणाऱ्या बोटीची बरीचशी दमछाक लाटा तयार करण्यातच होते. टग आखूड आणि बोजड, तो स्वतःच केलेल्या लाटेत अडकतो, बारा-तेरा नॉटच्या पुढे कितीही इंजिन घाला, नुसतं पाणी ढवळतो. पाणबुडी खोल गेली की लाटच होत नाही. तीच पाणबुडी वर आली की ११ नॉटवर येते, म्हणजे टगपेक्षा पण हळू!! मामाला हे जरूर सांगा.

कोपरी_पूल:

अणुपाणबुडी विसरलात का राव? अरिहंत ६००० टनाची आहे, तिच्यापुढे कुठला टग टिकतो. हे म्हणजे रिक्षा आणि ट्रेनची तुलना, त्यात पण जुनी ट्रेन घ्यायची.

वाशी_मेकॅनिकल:

@कोपरी_पूल मान्य, अणुवाल्यांची पॉवर वेगळ्याच लेव्हलला आहे. पण त्यांनी जे बघितलं ते मुंबई बंदरात, तिथे डिझेल-इलेक्ट्रिकवाल्याच असतात. आणि अणुपाणबुडीला टग लागत नाही असं थोडंच आहे? २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनची एकदम नवीकोरी अणुपाणबुडी ॲस्ट्यूट, सात हजार चारशे टनाची, स्कॉटलंडच्या स्काय बेटाजवळ उथळ पाण्यात रुतली. सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं. तिला काढायला टग गेला तर ओढाताणीत तो टगच तिला धडकला आणि पुढच्या बाजूला जो आडवा पंख असतो, खालीवर जाण्यासाठीचा, त्याचं नुकसान केलं. म्हणजे अणुशक्ती गेली बाजूला, गाळातून निघायला टग, आणि टग आला तर अजून खर्च.

सीवूड्स_गॅलरी:

अडला हरी...

मोरा_लाँच_पास:

@सीवूड्स_गॅलरी पुढचं लिहू नका, माझा बाप एकतीस वर्षं टगवर होता 😄 खलाशी म्हणून लागला, सारंग (म्हणजे टगचा कप्तान) होऊन रिटायर झाला. गाढव म्हणाल तर मोऱ्याला या, बघून घेतो.

आता खरं सांगतो. वरचे आकडे बरोबर असतील, मी इंजिनियर नाही, पण टगचं कसब ताकदीत नाही, ब्रेकमध्ये आहे. बाबा म्हणायचे, ओढायला काय, कुणीही ओढेल, थांबवून दाखव. आमच्या न्हावाशेव्याला तीनशे-साडेतीनशे मीटरचं कंटेनर जहाज येतं, ते एकदा हललं की इंजिन बंद केलं तरी किती वेळ जातच राहतं, भरती एकीकडे खेचते, वारा कंटेनरच्या भिंतीवर शिडासारखा बसतो, आणि त्या सगळ्याला दोन-तीन टग पकडून धक्क्याला असं टेकवतात की मधला फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी रबरी उशी, नुसता दबला पाहिजे. आताच्या टगचे खालचे पंखे गोल फिरतात, ३६० डिग्री, सुकाणू वेगळं नसतंच. केबिनला चारी बाजूंनी काचा, वर बघायला छताला पण काच, आणि सारंगाच्या दोन हातात दोन दांडके. बाबांनी पहिल्यांदा असा टग हातात घेतला तेव्हा म्हणे तीन दिवस भोवऱ्यासारखा फिरवला नुसता.

आणि धोका. लोकांना वाटतं पाणबुडी धोक्याची आणि टग म्हणजे पिकनिक. टग मोठ्या जहाजाला दोराने बांधलेला असतो ना, जहाज अचानक पुढे गेलं आणि दोर टगच्या बाजूला आडवा आला तर टग सरळ कुशीवर झोपतो. मिनिट पण लागत नाही, आतल्या माणसाला दरवाज्यापर्यंत पोचता येत नाही. म्हणून दोर एका झटक्यात सोडणारा हूक असतो, आणि बाबा टगवर चढले की सगळ्यात आधी तो हूक हाताने चालवून बघायचे, चहा नंतर. दुसरं म्हणजे दोर तुटणं. पूर्वीचे नायलॉनचे दोर ताणले जायचे आणि तुटले की असे उलट यायचे की समोर पाय असेल तर पाय गेला. बाबांच्या डाव्या हाताचं करंगळीचं पेर नाही, ती गोष्ट ते सांगत नाहीत. आता नवीन दोर आलेत, पोलादी वायरइतके मजबूत आणि पाण्यावर तरंगणारे, एक माणूस खांद्यावर टाकून नेतो, पूर्वी त्याच जाडीच्या वायरला चार जण लागायचे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला ते सगळ्यांना आठवतं, त्याच वादळात वरप्रदा नावाचा टग पण गेला. तेरा माणसं होती, दोन वाचली. त्या आठवड्यात आमच्या घरी टीव्ही बंद होता.

पाणबुडीबद्दल एवढंच, बाबा म्हणायचे नौदलाचं काम आलेल्या टगवाल्या दोस्तांना जास्त टेन्शन पाणबुडीचं असायचं, जहाजाचं नाही. का ते कुणी नेव्हीवाला असेल तर सांगेल.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त:

@मोरा_लाँच_पास दादा, वाचून दाखवलं पोराला. करंगळीपाशी गप्प झाला. बाबांना नमस्कार सांगा.

खारघर_माजी_नौसैनिक:

नेव्हीवाला हजर. सिंधुघोष क्लासच्या पाणबुडीवर बारा वर्षं काढली, इंजिनरूममध्ये, पाणबुडीवाल्यांचा डॉल्फिनचा बिल्ला अजून कपाटात आहे. जे सगळ्यांना माहीत आहे तेवढंच लिहितो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. पाणबुडीला आम्ही शिप नाही म्हणत, बोट म्हणतो. त्यामुळे टग बोट आणि पाणबुडी, दोन्ही बोटीच, मामा-भाचे दोघांना सांगा.

ओढायला का लागते? कारण ती बंदरासाठी बनवलेलीच नाही. मागे एकच पंखा. सुकाणूवरून पाणी जोरात वाहिलं तरच सुकाणू ऐकतं, आणि बंदरात तर एक-दोन नॉटने सरकायचं असतं, तेव्हा सुकाणू फिरवा नाहीतर फिरवू नका, बोट आपल्या मनाची राणी. जहाजाला निदान भिंतीसारखी सरळ बाजू असते, टग येऊन नाक लावतो. आमची बाजू गोल, नारळासारखी, आणि फुगवटा पाण्याखाली. टगने वरून अंदाज घेत जवळ यायचं आणि पाण्याखाली त्याचं बूड आमच्या पोटाला आधी लागायचं, वर अजून दोन मीटर फट दिसतेय! म्हणून मधे फेंडर सोडतात, पाण्याखालीसुद्धा. बाहेरच्या कातडीवर रबरी टाइल्स असतात आवाज शोषणाऱ्या, बाजूंना सोनार (आवाजावरून शोध घेणारं यंत्र), पुढे आडवे पंख, मागे पंखा. म्हणजे टेकायला जागाच नाही. एकदा एका टगने आम्हाला जरा प्रेमाने मिठी मारली, टाइल निघाली, आणि पुढचे पंधरा दिवस जो तो तीच टाइल बघायला येत होता. म्हणून @मोरा_लाँच_पास, तुमच्या बाबांच्या दोस्तांचं टेन्शन खरं होतं.

तुम्ही जी नारिंगी जॅकेटं बघितलीत ती केसिंग पार्टी. केसिंग म्हणजे वरचा डेक, पण डेक कसला, बैलाची पाठ. ओली, शेवाळलेली, दोन्हीकडे उतार, आणि टगच्या पंख्याचं पाणी चढतं ते बुटात जातं. टगवरून बारीक दोरी फेकतात, टोकाला मुठीएवढी गाठ, ती धप्पकन पायाशी पडते, पकडायची आणि तिच्या मागून जाडा दोर ओढून घ्यायचा. महिनाभर आत काढून आलेला माणूस, अंगाला डिझेलचा वास जो चार आंघोळी करून जात नाही, आणि आत गोडं पाणी मोजूनमापून त्यामुळे आंघोळच झालेली नसते, त्याला ती धप्पकन पडलेली गाठ दिसली की घर दिसतं. टगवाले लांबूनच नाक धरायचे, ते वेगळं.

आता ताकदीचं. मेकॅनिकल साहेबांनी बरोबर सांगितलं, पण पाणबुडीची ताकद पंख्यात शोधायची नसते. एक, दाब. दर दहा मीटरला हवेच्या दाबाएवढा दाब वाढतो. तीनशे मीटर खाली गेलात तर एक बाय एक मीटरच्या लादीवर तीनशे टन, म्हणजे पॅसेंजर खच्चून भरलेल्या वीस टीएमटी बसा, आणि अशा लाद्या सगळ्या अंगभर. तो टग दहा मीटर खाली नेऊन दाखवा. दोन, आवाज. टगचा पंखा फेस काढतो, बुडबुडे फुटतात, कुणाला फरक पडत नाही. आमच्याकडे तोच बुडबुड्याचा आवाज म्हणजे शत्रूला पत्ता दिला. म्हणून पंखा मोठा, वाकड्या पात्यांचा, हळू फिरणारा. आत स्टीलचा चमचा पडला तरी चार डोळे वटारलेले असायचे.

आणि तीन, बॅटरी. कलवरीवर ३६० सेल आहेत, एकेक सेल ७५० किलोचा. गुणाकार पोराला करू द्या. खाली गेलं की हवा नाही, हवा नाही तर डिझेल नाही, सगळं बॅटरीवर. चार-पाच नॉटने रांगत गेलात तर काही दिवस पुरते, वीस नॉटने पळालात तर तासादोनतासात संपली. म्हणजे टगवाला दिवसभर दात-ओठ खाऊन ओढू शकतो, आम्ही पळायचं की लपायचं यातलं एकच. त्यावर उपाय म्हणून एआयपी, म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय वीज बनवणारी यंत्रणा, फ्युएल सेलवाली, तिच्यावर आपल्या अंबरनाथच्या डीआरडीओ लॅबने काम केलंय, आतल्या आत हायड्रोजन तयार करते, मार्च २०२१ मध्ये जमिनीवर टेस्ट झाली, आता बोटीत बसवायचं काम आहे. अंबरनाथ म्हटलं की लोकांना शिवमंदिर आणि एमआयडीसीच आठवते.

शेवटचा प्रश्न, बुडालेली पाणबुडी टग वर काढेल का. नाही हो. साठ टनाची ओढ आणि दोन हजार टनाची बोट, त्यात पाणी शिरलेलं असलं तर अजून. त्यासाठी वेगळं यान आहे, डीएसआरव्ही, २०१८ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत दाखल झालं, साडेसहाशे मीटरपर्यंत जातं, बोटीच्या झाकणाला चिकटतं आणि एका वेळी चौदा माणसं वर आणतं. बोट राहते खालीच. माणसं महत्त्वाची. आणि नुसतं ओढत नेणं पण खायचं काम नाही, २००३ च्या ऑगस्टमध्ये रशियाची के-१५९ नावाची भंगारात काढलेली जुनी बोट पाँटून (तरंगत्या पोकळ टाक्या) बांधून टगने ओढत नेत होते, वाटेत हवा बिघडली, पाँटून सुटले, बोट बुडाली. वर दहा जण बसवले होते, नऊ गेले. मोडीत जाणाऱ्या बोटीवर माणसं कशाला बसवायची, हे मला आजपर्यंत पटलेलं नाही.

सीवूड्स_गॅलरी:

@खारघर_माजी_नौसैनिक साहेब मस्त लिहिलंय. एक भर, माझगाव डॉकवाली पाणबुडी तयार होते ती पाँटूनवर, म्हणजे मोठ्या तरंगत्या तराफ्यावर, ठेवून टगच ओढत पाण्यात नेतात, मग पाँटून खाली घेऊन तिला तरंगवतात. म्हणजे जन्मल्या जन्मल्या पहिली ओळख टगशीच. आणि @घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त, लाँचमधून फोटो काढले असतील तर इथे टाकू नका प्लीज, नौदलाचा भाग आहे तो.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त:

नाही काढले, तांडेलच ओरडत होता.

कळवा_खाडीकिनारी:

मूर्ख प्रश्न विचारतोय पण इथे चालेल असं वाटतंय. ही पाणबुडी ठाण्याच्या खाडीत येऊ शकते का? आमच्या बिल्डिंगमधला एकजण म्हणतो युद्धात लपायला बेस्ट जागा.

वाशी_मेकॅनिकल:

फ्लेमिंगोंना विचारा, ते गुडघाभर चिखलात उभे असतात तिथे 😂 अहो नुसतं तरंगायला तिला साडेपाच-सहा मीटर पाणी लागतं, बुडायचं म्हटलं तर वरचा मनोरा पण झाकला पाहिजे, म्हणजे खूपच जास्त. ओहोटीला वाशीच्या पुलावरून बघा काय दिसतं ते.

खारघर_माजी_नौसैनिक:

अजून एक गंमत. पावसाळ्यात खाडीत वरून गोडं पाणी येतं. समुद्राच्या पाण्यापेक्षा गोडं पाणी अडीच टक्के हलकं. १७७५ टनाच्या बोटीला अडीच टक्के म्हणजे चव्वेचाळीस टन आधार कमी. समुद्रात बरोबर तोललेली बोट नदीच्या मुखाशी आली की जड पडते, आणि पंपाने पाणी बाहेर टाकून पुन्हा तोल साधावा लागतो. टगवाल्याला यातलं काही बघायला लागत नाही, सुखी माणूस.

मोरा_लाँच_पास:

सुखी म्हणे 😄 बाबांना वाचून दाखवतो.

जाता जाता, करंज पाणबुडीचं नाव आमच्या करंजा बेटावरून आहे आणि खांदेरी म्हणजे थळसमोरचा महाराजांचा पाण्यातला किल्ला. पोराला सांगा, दोन्ही त्याच्या आत्याच्या बाजूचे आहेत. टगांची नावं मात्र नौदलात महाबली, बलबीर अशी, पैलवानांसारखी.

तुळशीधाम_आई:

माझी मुलगी पाचवीत, आम्ही शाळेसाठी केलं होतं ते सांगते. प्लास्टिकची बाटली, एका बाजूला खाली तीन-चार भोकं, त्याच बाजूला नाणी चिकटपट्टीने लावायची म्हणजे बाटली उलटत नाही, झाकणाला भोक पाडून मेडिकलमधली सलाईनची नळी घालायची आणि गम लावून बंद करायची. नळीचं बाटलीतलं टोक वरच्या बाजूला राहिलं पाहिजे हे विसरू नका, आमचं पहिल्यांदा तिथेच फसलं. बादलीत सोडून नळी उघडी ठेवली की हवा निघून खालून पाणी भरतं आणि बाटली बुडते, नळीतून फुंकलं की पाणी खालच्या भोकातून बाहेर आणि बाटली वर. पाणबुडीच्या बॅलास्ट टँकचं (बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाक्या) पण असंच, बुडायचं तर वरच्या झडपा उघडायच्या, आणि वर यायचं तर दाबलेली हवा सोडायची. नाणी दहाची लावा, एकाची पुरत नाहीत.

घोडबंदर_ट्रॅफिकग्रस्त:

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. बाटलीचा प्रयोग केला, बादलीत नाही, बाथरूमची जाळी बोळ्याने बंद करून अख्ख्या बाथरूममध्ये, कारण साहेबांना टगला फिरायला जागा हवी होती (टग म्हणजे चावीची बोट, दोऱ्याने बाटलीला बांधलेली). चावीच्या बोटीने बाटली ओढली, बाटली बुडाली तेव्हा बोट पण मागून खाली गेली. पोरगा बघत बसला आणि मला म्हणाला, हूक नव्हता ना. बायकोने बोळा काढला तेव्हा पाणी पॅसेजपर्यंत आलं होतं.

पैजेचा निकाल असा की इंजिन टगचं मोठं, तेव्हा भाचा जिंकला. मामाने बस आणि लादीवालं गणित पुढे करून अपील केलं, ते फेटाळलं. शनिवारी मामलेदारला गेलो, जिंकलेल्याने दोन घास खाल्ले, डोळ्यातून पाणी, तीन ग्लास ताक प्यायला, उरलेली मिसळ मामानेच संपवली. ३६० गुणिले ७५० त्याने तिथेच पेपर नॅपकिनवर केलं, दोन लाख सत्तर हजार किलो, आणि आता विचारतोय की २७० टनाची बॅटरी संपली की चार्जिंगला किती वेळ लागतो. @खारघर_माजी_नौसैनिक, काका, आहात का?